डावीकडचं पातं

"रण्या, झोपलास का रे लोंबकळत?"

वॉकीवर आप्पांचा आवाज. मी जमिनीपासून पन्नास मीटर वर दोन दोरांवर लटकलेलो. पुढ्यात पांढरं पातं, आणि माझा कान त्या पात्याला चिकटलेला.

"आप्पा, दोन मिनिटं गप्प बसा. ऐकतोय."

"काय ऐकतोस? रेडिओ लागलाय का आत?"

हातातली छोटी हातोडी परत मारली. टक. एक वीत खाली सरकलो. टक. अजून एक वीत. टक. आणि मग, ठप.

परत वर. टक. परत खाली. ठप.

अंगावर काटा आला. खरं सांगतो, भीतीनं नाही, आनंदानं. तीन दिवस जे शोधत होतो ते सापडलं होतं.

"आप्पा! पोकळ आहे!"

"काय?"

"पोकळ! आतला कणा सुटलाय!"

"किती?"

मी हातोडी मारत खाली सरकलो. ठप, ठप, ठप. संपेचना. शेवटी टक आला तेव्हा टेप लावली. बुडापासून साडेबारा मीटरवर सुरू, आणि तिथून खाली पावणेतीन मीटर.

मग आप्पा हळू आवाजात बोलले. आप्पा कधीच हळू बोलत नाहीत. बस-बॉडीच्या कारखान्यात पंचवीस वर्षं ग्राइंडर चालवून त्यांचा एक कान गेलाय आणि दुसरा निम्मा गेलाय. आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे जगालाच येत नाही असं समजून ते ओरडत असतात.

"आयला," ते म्हणाले. "म्हणजे म्हातारा खरं बोलत होता."

म्हातारा म्हणजे तात्या. बयाजी शेडगे. पाटणच्या वरच्या पठारावर ही बारा नंबरची पवनचक्की, आमच्या भाषेत पंखा, ज्याच्या रानात उभी आहे, तो. जागा घेताना कंपनीनं त्यांना पंख्याखाली वॉचमन केलं होतं. दहा वर्षं झाली. गेटाशी पत्र्याची केबिन, आत एक बाज, एक चूल, आणि रोज खालच्या वाडीतून भाकरी घेऊन येणारी त्यांची बायको, अनुसाकाकू.

मी आणि आप्पा आलो होतो नऊ नंबरच्या रंगाचे टवके बुजवायला. जीप लावली तर हा माणूस चालत आला. अंगात कंपनीचा निळा शर्ट, खाली धोतर.

"तुमी पात्यांचे डॉक्टर का?"

"व्हय," आप्पा म्हणाले. "मी सर्जन. हा कंपाउंडर."

"मग माझा पंखा बगा की जरा. एक पातं खोकतंय."

आप्पा हसले. मी पण हसलो.

"हसू नगासा. दोन पाती नीट जात्यात. सूं, सूं. तिसरं आलं की फुर्र. दोन म्हयनं झालं. साहेबाला सांगितलं. त्यांनी ते उडतं यंत्र पाठवलं, फोटू काढलं, आन म्हनालं तिन्ही पाती निरोगी हायत."

"मग असतील निरोगी," आप्पा म्हणाले.

"मग खोकतंय कशापायी?"

मी त्यांच्याबरोबर गेलो. कंटाळा आला होता म्हणून, दुसरं काही नाही. पंख्याखाली उभं राहून डोळे मिटले. सूं. सूं. आणि तिसऱ्याला, अगदी बारीक, कापड फाटल्यासारखं फुर्र.

मी डोळे उघडले तर तात्या माझ्याकडे बघत होते. परीक्षेचा निकाल बघावा तसे.

"आलं का ऐकू?"

"आलं."

"अगं ए," ते वरच्या बांधाकडे तोंड करून ओरडले, "या पोराला ऐकू आलं!"

केबिन आता गेटाशी नव्हतीच. ती दोनशे पावलांवर त्या बांधाला होती. तात्यांनी महिन्यापूर्वी चार माणसं आणि ट्रॅक्टर लावून ती ओढून नेली होती. खोकणाऱ्या पात्याखाली बायकोला बसवणार नाही म्हणाले. साइट इंजिनिअर पारखे साहेबांनी दोनदा नोटीस दिली होती. केबिन गेटाशी पाहिजे, नाहीतर दुसरा वॉचमन ठेवू.

काकू बांधावरून ओरडल्या, "मग च्या पाजा की त्याला! लोकं तुमाला येडं म्हनत्यात, त्यो एकटा शाना निघाला!"

मी माझ्या कानाबद्दल थोडं सांगतो. मी दहावी नापास. चार वर्षं कराडला फरशीच्या कामावर होतो. फरशी बसवली की नाण्यानं ठोकून बघायची. खाली माल नीट बसला असेल तर टक, पोकळ राहिली असेल तर ठप. मला ठोकायच्या आधीच कळायचं. पुढं दोरावरचं काम मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलो, आप्पांच्या हाताखाली लागलो. पातं म्हणजे तरी काय? फायबरची दोन टरफलं एकमेकांना चिकटवलेली, आणि आत टोकापर्यंत एक उभी फळी. तिला आम्ही कणा म्हणतो. त्या कण्याचा गोंद सुटला की वरून काही दिसत नाही. रंग तसाच गुळगुळीत. फोटोत तर नाहीच नाही. फक्त ठोकलं की कळतं. आप्पांना ठोकून कळायचं नाही, त्यांचा कान गेलेला. म्हणून आमची जोडी. मी ऐकायचं, त्यांनी बुजवायचं.

पारखे साहेबांच्या मागं लागून तीन दिवस पंखा बंद करून घेतला. माणूस वाईट नाही. म्हणाले, "रणजित, जूनला वारा सुरू होतो. त्या आधी काय ते कर. तेव्हा मला पंखा थांबवता येणार नाही, आणि तुला दोरावर चढता येणार नाही."

मे महिन्याची वीस तारीख होती ती.

तर सापडलं. मी पोकळीच्या दोन्ही टोकांना खडूनं आडव्या रेघा मारल्या. खिशात मार्कर होता, पण फरशीच्या कामापासून हाताला खडूचीच सवय. मग वर गेलो. पंख्याच्या डोक्यात एक डबा असतो, मशिनरीचा. त्यात बसून रिपोर्ट भरायचा. फॉर्मवर पंख्याचं चित्र छापलेलं असतं. ए पातं खाली, बी वर डावीकडे, सी वर उजवीकडे. ए ओळखू यायचा, त्याच्या बुडाशी लाल पट्टा. सकाळी ए खाली होता तेव्हा झाकणातून डोकं बाहेर काढून मी बघितलं होतं. हे पातं तेव्हा वर डावीकडे होतं, ठोकायला नंतर फिरवून खाली आणलेलं.

बी. लिहून टाकलं. प्रत्येक पात्याच्या बुडाला नंबराची पत्री असते, ती पण बघायची असते. तिच्यावर ग्रीस बसलेलं. फडकं खाली जीपमध्ये राहिलेलं. आणि मला तात्यांना सांगायची घाई झालेली.

खाली आलो तर ते शिडीच्या दाराशीच उभे.

"कुटलं?"

"तुमचंच. तिसरं. पावणेतीन मीटर फाटलंय आतून."

तात्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. काकूंनी नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी दिली, आणि आप्पांना म्हणाल्या, "सर्जन, तुमी बसून खा. कंपाउंडरला आदी."

---

बुजवायचं काम चार दिवसांनी ठरलं. रेझिन, म्हणजे पोकळीत भरायचा गोंद, पुण्याहून यायचं होतं. आणि माझी दोरकामाच्या वरच्या लेव्हलची परीक्षा त्याच दिवशी, पुण्यातच. आप्पा म्हणाले, "जा. पास होऊन ये. भोकं पाडून रेझिन भरायला तुझा कान कशाला पाहिजे? मी आणि एक पोरगा बघतो."

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत फोन आला. ट्रेनिंग सेंटरच्या मागं आम्ही सातआठ जण वडापाव खात उभे होतो. मी सकाळीच सगळ्यांना पातं पकडल्याची गोष्ट सांगून झालेली. ड्रोनचा कॅमेरा फेल, मी पास, असं. मी फोन स्पीकरवर टाकला. आप्पांचा आवाज ऐकून पोरं हसावीत म्हणून.

"रण्या! ऐकू येतंय का?"

"सगळ्या पुण्याला येतंय, बोला."

पोरं हसली.

"अरे, हे आत घेत नाही!"

"काय घेत नाही?"

"रेझिन! साडेबारा मीटरवर सहा भोकं पाडली. पंप लावला. वाटीभर पण गेलं नाही. पोकळी आहे तर जायला पाहिजे की!"

"दाब वाढवा."

"वाढवला! उलटं बाहेर येतंय. आणि तुझी खडूची रेघ पण दिसत नाही."

"आप्पा, परवा गारा पडल्या ना तिकडं? धुतली गेली असणार."

"ते ठीक. पण बी-च ना रे?"

बाजूचा एक पोरगा मला म्हणाला, "काय भाऊ, सर्जन कंपाउंडरला विचारतोय?" परत सगळे हसले.

मी म्हणालो, "आप्पा, बी म्हणजे बी. माझा कान चुकत नाही."

"कानाचं नाही म्हणत मी..."

"पोकळी आहे पण कागदासारखी पातळ असेल. रेझिन घट्ट आहे, जात नसेल. बाहेरून कापडाचे चार थर मारा, लांब पट्टी. धरून ठेवेल ती."

फोनमध्ये त्यांचा श्वास ऐकू आला. आप्पा विचार करत असले की श्वास मोठ्यानं घेतात.

"तू म्हणतोस?"

"मी म्हणतो."

"बरं," ते म्हणाले. फोन बंद.

मी परीक्षेत पास झालो. पहिला आलो.

---

एक जूनला तात्यांचा फोन. मी तेव्हा सांगलीकडं दुसऱ्या साइटवर होतो.

"पोरा, साहेब आलंवतं. म्हनालं, पातं नीट झालं, आता केबिन गेटाशी आना."

"आणा की मग."

"पर त्ये अजून खोकतंय."

मी जीपच्या टपावर बसून दोर गुंडाळत होतो. ऊन मी म्हणत होतं.

"तात्या, नवीन पट्टी मारलीय. वारा कापताना तिचा आवाज येणारच थोडा."

"कमी न्हाई झालं पर. तसंच हाय."

"तात्या, किती दिवस झाले तुम्ही तेच ऐकताय? कानात बसलाय तो आवाज तुमच्या. फरशीवर असताना मलापण व्हायचं. घरी झोपलो तरी ठप ठप ऐकू यायचं."

ते थोडं हसले. "आसंल. ही म्हनती, वरच बरं हाय, वारं लागतं पर भ्याव न्हाई."

"काकूंना सांगा, तुमच्या कंपाउंडरनं सांगितलंय. बिनधास्त या खाली."

"तू म्हनतुस?"

"मी म्हणतो, तात्या."

"मग आनतो," ते म्हणाले.

वारा सहा तारखेला सुटला. नऊ तारखेला सकाळी अकराच्या सुमाराला बारा नंबरचं एक पातं साडेबारा मीटरवर मोडलं. वीस मीटरचा तुकडा खाली आला. तात्या शेजारच्या पंख्याकडं पाण्याचा कॅन आणायला गेले होते. काकू वाऱ्यामुळं केबिनचं दार लावून आत चहा टाकत होत्या.

---

मी पोचलो तेव्हा सगळं झालेलं. काकूंना खाली नेलं होतं. केबिनचे पत्रे वहीचं पान चुरगळावं तसे. पातं पडलं होतं लांबच लांब, एखादा मोठा मासा कुणीतरी काठावर टाकावा तसं. पोलीस, कंपनीचे लोक, आप्पा. वारा इतका की माणसं एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होती.

मी पात्याच्या मोडलेल्या टोकाशी गेलो. पट्टी शोधली. आप्पांनी मारलेली चार थरांची पट्टी, तिच्यावरून मोडलं असेल तर मधोमध फाटलेली दिसायला पाहिजे.

पट्टी नव्हती. सहा भोकं पण नव्हती. आत कणा सुटून पिवळा पडलेला दिसत होता. गोंद जुना, वाळलेला. रेझिनचा थेंब नाही.

मान वर केली. पंखा थांबवलेला. ए पातं खाली, त्याच्या बुडाशी लाल पट्टा. वर डावीकडं पूर्ण पातं, आणि त्याच्यावर, साडेबारा मीटरवर, आप्पांची पट्टी. स्वच्छ दिसत होती. वर उजवीकडं थोटूक.

मी पंख्याच्या समोर उभा होतो.

मग मी चालत पंख्याच्या मागं गेलो. का गेलो माहीत नाही. पाय गेले. मागून मान वर केली. ए खाली. आणि थोटूक आता डावीकडं होतं.

फॉर्मवरचं चित्र समोरून काढलेलं आहे. रानात उभं राहून पंख्याच्या तोंडाकडं बघितल्यावर दिसतो तसं. आणि मी बसलो होतो डब्यात, पंख्याच्या पाठीमागं. काचेच्या घड्याळाला मागून बघावं तसं. माझं डावं म्हणजे चित्रातलं उजवं. माझं बी म्हणजे सगळ्या जगाचं सी.

आप्पांनी पट्टी बरोबर जागी मारली होती. रिपोर्टमध्ये लिहिलेल्या जागी. निरोगी पात्याला. म्हणून ते आत घेत नव्हतं.

मी तिथंच खाली बसलो. कुणीतरी मला पाणी दिलं. घाबरलंय पोरगं, असं म्हणालं.

---

चौकशी दहा दिवसांनी झाली. साइट ऑफिसच्या खोलीत एक लांब टेबल. पुण्याहून आलेले दोन जण, पारखे साहेब, आप्पा, मी. तात्यांना पण बोलावलं होतं. ते दाराजवळच्या खुर्चीत बसले. डोकं भादरलेलं.

पुण्याच्या साहेबांनी रिपोर्ट उघडला. "बी ब्लेडमध्ये दोष सापडला. बी ब्लेड दुरुस्त झालं. तुटलं सी. मग सीमधला दोष टॅपिंगमध्ये कसा आला नाही?"

माझं तोंड उघडलं. खरंच उघडलं.

पारखे आप्पांकडे वळले. "मला वेगळंच वाटतंय. यमगर, रेझिन किती लागलं तुम्हाला?"

आप्पांनी हात कानामागं धरला. "काय?"

"रेझिन. किती लागलं?"

"नाही लागलं. वाटीभर पण नाही."

पारखेंनी रिपोर्ट पुढं ओढला.

"पोकळी पावणेतीन मीटर, आणि रेझिन वाटीभर गेलं नाही? मग तुम्हाला शंका नाही आली?"

"आली."

"मग थांबायचं! विचारायचं! कुणाला विचारलंत?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही. टेबलावरच्या काचेच्या पेपरवेटकडे बघत म्हणाले, "कुणाला नाही. वर रेंज नव्हती. वारा यायच्या आत काम संपवायचं म्हणून पट्टी मारून टाकली. चूक माझी आहे."

मी गप्प बसलो. माझ्या फोनमध्ये त्या दिवसाचा कॉल होता. चार मिनिटं अकरा सेकंद. मी गप्प बसलो.

मग त्यांनी तात्यांना विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का. तात्या उठले. माझ्याकडे बोट केलं.

"या पोराला काय म्हनू नगासा. समद्यांत यानं एकट्यानं माझं ऐकलंतं."

आप्पांचं काम त्या दिवशीच गेलं. कुठल्याच साइटवर घ्यायचं नाही असं सगळीकडं कळवलं गेलं. मी त्यांना माझ्या मोटरसायकलवर कराड स्टँडला सोडायला निघालो. घाट उतरून कोयनेच्या पुलावर आलो आणि मी गाडी थांबवली. सगळं सांगितलं. समोरून, मागून, डावं, उजवं. रस्त्याच्या कडेला मातीत बोटानं चित्र काढून सांगितलं.

आप्पांनी चित्र बघितलं. पायानं पुसलं.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले. "पात्यापाशी तू मागं फिरून आलास तेव्हा."

"मग तुम्ही का..."

"तुला पंचविशी नाही अजून. मी किती दिवस चढणार होतो दोरावर?" मग नेहमीसारखं ओरडून, "आणि शंका मला आली होती ना! तुला नाही. हातात माझ्या पंप होता. थांबायचं मी!"

"मी साहेबांना जाऊन सांगतो आत्ता."

"सांग. म्हणजे दोघंही घरी बसू. काकू येणार आहे का परत?"

गाड्या जात होत्या. आप्पांनी माझा दंड धरला.

"एक ऐक. साहेबाला सांग, नको सांगू, तुझं तू बघ. तात्याला मात्र सांगू नकोस. वेळ आली होती, वारा आला, बायको गेली, असं त्यानं कुठंतरी बसवलंय. ते हलवू नकोस."

"पण त्यांना खरं कळायला नको का?"

"कशाला?"

साहेबांना मी त्या दिवशी सांगितलं नाही, नंतरही नाही. आणि आप्पांचं ऐकलं पण नाही.

आठ महिने मला झोप लागली नाही म्हणजे नाही. चढायचं सोडलं. प्रत्येक ठिकाणी मला वाटायचं, कुणीतरी मला म्हणेल, तूच ना तो. कुणी म्हणायचं नाही. उलट लोक सांगायचे, हाच तो, यानं ओळखलं होतं, पण त्या म्हाताऱ्या फायबरवाल्यानं घाण केली. ते मला सहन व्हायचं नाही. मला वाटलं, एका माणसाला सांगितलं की सुटेन. आणि तो माणूस तात्याच. त्यांनी दोन कानाखाली मारल्या तर बरं होईल, असं पण वाटलं. हे सगळं मी माझ्यासाठीच करत होतो. आज कळतं. सहा वर्षांनी.

फेब्रुवारीत गेलो. पठाराच्या खाली शेडग्यांची वाडी, आठदहा घरं. तात्या अंगणात घेवडा सोलत बसले होते. वाळले होते, पण मला बघून चेहरा उजळला.

"ये, ये! कंपाउंडर आला!" सुनेला हाक मारली. "च्या टाक गं. ह्यो त्योच. मी सांगतो न्हाई का, एकट्यानं ऐकलंतं म्हनून."

सुनेनं चहा आणून दिला. तात्या बोलत होते. बैल विकला, गुडघा दुखतो, पोरगा गावी परत आला. काकूंचा विषय त्यांनीच काढला, आणि अगदी शांतपणे. "वारं कुनाच्या हातात असतंय? तिची वेळ तेवढीच व्हती. मी बी तिथंच असायचा, नेमका पान्याला गेलो."

मी म्हणालो, "तात्या, वारं नव्हतं ते."

आणि सांगितलं. एका दमात. कुठं थांबलो असतो तर परत बोलता आलं नसतं. डब्यात बसून मागून मोजलं. बी लिहिलं, सी होतं. आप्पांनी फोन केला तेव्हा पोरांपुढं शेखी मिरवली. ज्या पात्याला काही झालं नव्हतं त्याला पट्टी मारली, आणि तुमचं तिसरं पातं तसंच राहिलं. आप्पांची चूक नव्हती. माझी होती. सगळी माझी.

तात्या ऐकत होते. हातातली शेंग अर्धी उघडलेली.

"म्हंजी," ते म्हणाले, "त्याला औषिद लागलंच न्हवतं?"

"नाही."

"मी तुला फोन केला. एक तारकंला. तवा बी?"

"तेव्हा पण तसंच होतं."

"खोकत व्हतं?"

"होय तात्या. खोकत होतं."

मी वाट बघत होतो. शिवीची. हाताची. त्यांनी शेंग टोपलीत ठेवली, हात धोतराला पुसले.

"म्हंजी मला बरुबर ऐकू येत व्हतं."

"होय."

"मला रोज ऐकू येत व्हतं," तात्या म्हणाले. माझ्याशी नाही, समोरच्या घेवड्याशी बोलावं तसं. "सकाळी, संध्याकाळी. केबिन खाली आनली त्या दिवशी बी आलं. ती म्हनली, आवो, आजून करतंय की. मी म्हनलो, गप. शिकल्यालं पोरगं सांगतंय. आपला कान म्हातारा झाला आता. तिची चूल तिनं उचलली न्हाई. बसून राह्यली वर. मी उचलून आनली. ह्या हातानं."

"तात्या, तुमचं काही चुकलं नाही. माझ्या शब्दावर तुम्ही..."

"आवाज कुनाच्या कानात येत व्हता? तुज्या का माज्या?"

मी हातातल्या कपाकडं बघितलं.

"मी समजत व्हतो, नीट केल्यालं पातं मोडलं. मग मानसानं काय करावं? पर ते नीट न्हवतंच. आन मला ठावं व्हतं. मला ठावं असून मी तिला खाली आनली."

"चूक माझी आहे, तात्या. तेच सांगायला आलो."

"तुजी तुज्यापाशी हाय. ती न्हे तू," ते म्हणाले. आवाजात राग अजिबात नव्हता. "ही माजी मला आता दिलीस."

ते उठले. गुडघ्यावर हात टेकून, दोनदा थांबून. घरात गेले. सून दारात होती, तिला हातानं बाजूला केलं, आणि आतल्या खोलीचं दार ओढून कडी लावली. सून एकदा दाराकडं बघायची, एकदा माझ्याकडं. "मामंजी," तिनं हाक मारली. "मामंजी, काय झालं?" आतून काहीच आवाज नाही.

मी अंगणात उभा होतो. चहाचा कप हातात तसाच. तो कुठं ठेवायचा ते मला कळेना.